जागा एकच धरा : पक्षीनिरीक्षणावर वाचकांचे प्रश्न

(गेल्या अंकात उजनी जलाशयावरच्या हिवाळी पाहुण्यांविषयी लेख आला होता. त्यावर वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतल्या काहींना उत्तरं देत आहेत दौंड–सोलापूर मार्गावरच्या छोट्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केलेले, सध्या सोलापुरात राहणारे आमचे एक जुने वाचक. १९८३ पासून ते पाखरांच्या नोंदी ठेवत आले आहेत.)

प्रश्न : मी बँकेत आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. गेल्या थंडीत मैत्रिणीबरोबर उजनीकाठच्या भिगवणला गेले, नावेतून रोहित पक्षी पाहिले आणि तेव्हापासून हे वेड डोक्यातून जात नाही. पण नावेतली तरुण मुलं लांबूनच धडाधड नावं सांगत होती आणि मला एकही ओळखता येईना. या वयात सुरुवात करून काही जमेल का? दुर्बीण कोणती घेऊ? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, नक्की जमेल. मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा कावळा, चिमणी, घार, पोपट यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. शिकवलं ते आमच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्यानं. तेव्हा रुळांच्या कडेनं तारायंत्राच्या तारा होत्या आणि त्या तारांवर दिवसभर पाखरांची शाळा भरायची. गाडी क्रॉसिंगला अडकली की आम्ही दोघं फलाटाच्या टोकाला उभे राहायचो. तो म्हणायचा, “साहेब, आधी बसणं बघा. रंग मागनं.”

ते अजूनही खरं आहे. उन्हाच्या विरुद्ध बाजूला सगळीच पाखरं काळी दिसतात, पण बसणं बदलत नाही. कोतवाल तारेवरून सुटतो, हवेतच किडा धरतो आणि पुन्हा तिथंच येऊन बसतो. शेपटीला खालून फाटा असतो. वेडा राघूही तसाच झेपावतो, पण परत आला की चोचीतली माशी तारेवर दोन-चारदा आपटतो, नांगी निघाल्याशिवाय गिळत नाही. खाटिकाचं डोकं मोठं, मान ताठ आणि नजर खाली जमिनीवर. नीळकंठ बसलेला असताना मातकट दिसतो. तो उडाला की निळा पंख उघडतो आणि मग शंका राहत नाही. कापशी तारेवर असेल तर पांढरा गोळा दिसेल, पण खरी ओळख हवेत पटते : एकाच जागी पंख मारत लटकते, पाय खाली सोडते आणि उंदरावर पडते. हे पाच पक्षी नीट कळले की तुम्हाला पाहायचं कसं ते कळलं. पुढची नावं आपोआप जमा होतात.

माझा एकच आग्रह आहे. घराजवळची एक जागा धरा आणि तीच धरून ठेवा. तुमच्याकडे पवनेचा काठ आहे, दुर्गा टेकडी आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी, ठरलेल्या वाटेनं अर्धा-पाऊण तास फिरा. भिगवणला वर्षातून एकदा जाल तर पक्षी पाहाल. पवनेवर वर्षभर जाल तर त्याच पक्ष्यांचं बिऱ्हाड पाहाल : कोण कधी आलं, कुणी कुठं काड्या नेल्या, कुणाचं पिल्लू कुणाच्या मागं चोच वासून फिरतंय. पहिल्या वर्षी तीस-चाळीस पक्ष्यांच्या पलीकडे जायची घाई करू नका.

आता दुर्बीण. ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० पुढे करेल, बारा-सोळा पटीचीही दाखवेल. दहा पटीला हाताची थरथरही दहा पट होते आणि आपल्या वयाला ती जास्तच जाणवते. शिवाय पट वाढली की दिसणारा तुकडा लहान होतो, मग फांदीवरचं पाखरू त्यात सापडत नाही. वजन पण पाहा; गळ्यात तासभर अडकवून चाला आणि मगच ठरवा.

चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली करून, चष्म्यासकट पाहा. घरी आणल्यावर एक काम आधी करा, बहुतेकांच्या दुर्बिणीचं ते राहूनच जातं. उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्यानं लांबची पाटी पाहा, मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. मग डावा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या बाजूची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, तो हिशेब ही कडी सांभाळते. एकदा जागा सापडली की तिथं पेनानं खूण करून ठेवा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. नजर खाली नेऊन दुर्बीण शोधत बसलात की पाखरू गेलंच म्हणून समजा.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. माझ्या यादीत आता १४० जाती झाल्या. तुमच्या किती झाल्या? आणि माळढोक हमखास कुठं दिसेल? सुट्टीत नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचा विचार आहे. – एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : अकरावीत १४० म्हणजे तुझे डोळे तयार आहेत. माझी एकूण यादी मी कधी बेरीज करून ठेवली नाही, कारण माझी वही वेगळ्या पद्धतीची आहे. तारीख, वेळ, जागा, वारा, पाणी कुठवर आहे, कोण दिसलं, किती, आणि काय करत होतं. स्टेशनावर प्रत्येक गाडीची वेळ लिहायची सवय हाताला होती, तीच इकडे उपयोगी पडली.

अशा वहीतून काय हाती लागतं त्याची दोन उदाहरणं देतो.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो, मग शेतीला पाणी सुटत जातं तसतसा काठ उघडा पडतो, चिखल आणि उथळ पाणी तयार होतं. रोहित पक्षी त्या उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि गाळातले बारीक जीव गाळून खातो. खोल पाण्यात त्याचं पोट भरत नाही. म्हणून ज्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला आणि धरण तुडुंब राहिलं, त्या वर्षी रोहित उशिरा आले. लोक विचारतात, यंदा आले का नाहीत? मी आधी धरणात पाणी किती आहे ते विचारतो. हे मला वहीतल्या पाण्याच्या रकान्यानं शिकवलं.

दुसरं उदाहरण लिहिताना अजून जड जातं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रुळाजवळ मेलेलं जनावर पडलं की तासाभरात आभाळात गिधाडं घिरट्या घालायला लागत. माझ्या जुन्या वह्यांत त्यांची नोंद इतकी नेहमीची आहे की कित्येकदा नुसतं ‘गिधाडं, नेहमीप्रमाणे’ एवढंच लिहिलंय. १९९०च्या दशकात ती नोंद विरळ होत गेली, आणि पुढच्या वह्यांत ती सापडतच नाही. जनावर पडायचं, पण त्यावर कुत्री आणि कावळेच. कारण पुढं कळलं. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं, २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली होती. ‘नेहमीप्रमाणे’ लिहिलेल्या पाखराचाही आकडा लिहायला हवा, हे मी तेव्हापासून प्रत्येक मुलाला सांगतो. तुझ्या वहीत आज साळुंक्या किती, होले किती, चिमण्या किती, तेही लिही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या टाकत असशील तर तिथंही नुसती हजेरी लावू नकोस, संख्या भर.

आता माळढोक. मी तो पाहिलाय. खुरट्या गवताच्या माळावर उभा राहिलेला, कमरेएवढ्या उंचीचा पक्षी, पांढरी मान आणि डोक्यावर काळी टोपी. पावलं टाकतो ती मोजून टाकल्यासारखी. आज हमखास दिसेल अशी जागा महाराष्ट्रात नाही. नान्नजला तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे, गुरांचे पाय, नांगर, सगळ्यांतून ते वाचायला हवं. त्यात हा पक्षी अंगानं जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. तिथल्या केंद्रात आता अंडी उबवून पिल्लं वाढवतात, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू जन्माला आलं. मला त्या बातमीनं किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

तरीही तू नान्नजला जा. माळरानाला सरकारी कागदांत पडीक म्हणतात. तू तिथं सकाळी सहाला उभा राहा आणि बघ ते पडीक आहे का. धाविक गवतातून दुडक्या चालीनं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. डोंबारी चंडोल सरळ वर चढतो आणि शीळ घालत खाली कोसळतो. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना पंख लागतील इतक्या खालून जातो. लांडगा दिसला तर तुझं नशीब. माळढोकानं ही जागा निवडली होती ती उगाच नाही, आणि तो परत यायचा असेल तर हे सगळं आधी राहायला हवं. आत पायवाट सोडू नकोस, वनरक्षकाला विचारून जा.

प्रश्न : आमच्या वस्तीवरून रात्री टिटवी ओरडत जाते. सासूबाई म्हणतात अशुभ असतं, कुणीतरी जाणार. मुलं घाबरतात. यात काही तथ्य आहे का? – एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, काही तथ्य नाही. टिटवी रात्री ओरडते कारण ती जागी असते आणि तिच्या अंड्यांजवळून काहीतरी गेलेलं असतं. कुत्रं, मुंगूस, साप, नाहीतर उशिरा घरी येणारा माणूस. तिचं घर उघड्यावर असतं, पहारा हाच तिचा बचाव. मी कित्येक वर्षं रात्रपाळीला टिटवीच्या आवाजावरून ओळखायचो की रुळाकडेनं कुणीतरी येतंय. थोड्याच वेळात गस्तवाल्याचा कंदील दिसायचा.

सासूबाईंना आणि मुलांना एक गोष्ट सांगा. आमच्या स्टेशनावर लूप लाइनच्या, म्हणजे मुख्य मार्गाशेजारच्या बाजूच्या रुळांच्या, कडेला खडीत एका टिटवीनं अंडी घातली होती. एप्रिल महिना, खडीवर हात ठेववत नाही असं ऊन. चार अंडी, मातकट, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला. दोन पावलांवरून पाहिलं तरी खडीच वाटावी. मालगाडी लूपवर यायची, सगळी जमीन हादरायची आणि ती टिटवी मान जरा खाली घेऊन बसून राहायची. माणूस जवळ आला की मात्र उठायची, लांब जाऊन आरडाओरडा करायची, पंख मोडल्यासारखी फरफटायची, म्हणजे आपण तिच्या मागं जावं आणि अंड्यांपासून दूर व्हावं.

दुपारी ती काय करायची ते पाहण्यासाठी मी जेवण आटोपून केबिनच्या खिडकीशी बसायचो. पाण्याच्या टाकीखाली गळतीचं डबकं होतं. ती तिथं जायची, पोट पाण्यात बुडवायची, पिसं चांगली भिजली की लगबगीनं परत यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवणं हेच मोठं काम असतं. नर-मादी दोघंही आळीपाळीनं हे करायचे. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या लोकांनी तेवढ्या जागेभोवती चुन्याचं गोल रिंगण आखलं, म्हणजे खडी सारताना तिकडं कुणी फावडं घालणार नाही. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघाली. त्यांना घरट्यात भरवावं लागत नाही, अंगावरची लव सुकली की ती स्वतःच धावत सुटतात. रूळ मात्र त्यांना डोंगर. आई पलीकडून बोलवत होती आणि ही इकडून चिवचिवत होती, तेव्हा सांधेवाल्यानं एकेकाला ओंजळीत धरून पलीकडं सोडलं. त्या हंगामात आमच्यात कुणी गेलं नाही.

मुलांना रात्री आवाज आला की आईनं सांगावं, टिटवी पहाऱ्यावर आहे. सकाळी त्यांना घेऊन शेताच्या बांधावर जा आणि लांबूनच शोधा ती कुठं बसलीय. पायाखाली बघून चाला.

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलनं घरटं केलंय. एक पिल्लू खाली पडलं. हात लावला तर आई टाकून देते म्हणतात. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पिसं फुटली नसतील तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाच्या वासानं आई पिल्लं टाकत नाही. पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलं नाही, निघालंय. बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात, आईबाप त्यांना कुंड्यांमागं येऊन भरवतात. मांजर असेल तर दार लावून घ्या. दूध, भात, पाणी काही चोचीत घालू नका. आणि कृपा करून फोन घरट्याच्या तोंडाशी नेऊन फोटो काढू नका. तुम्ही तिथं असेपर्यंत आई चारा घेऊन समोरच्या तारेवर ताटकळत असते. दोन आठवड्यांचा पाहुणचार आहे, तेवढे दिवस कुंडीला पाणी बाजूनं घाला.

प्रश्न : माझं वय ७२. तरुणपणापासून पाखरं पाहतो. दोन-तीन वर्षांपासून सकाळी फिरायला जातो तेव्हा झाडं मुकी वाटतात. पत्नी म्हणते, पक्षी ओरडतायत. डोळे ठीक आहेत, पण मन उतरलंय. तुमचा काही अनुभव? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे माझंही चालू आहे. वयोमानानं कानातून आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. म्हणून घरात बोलणं व्यवस्थित ऐकू येतं आणि पाखरं मात्र गप्प होतात. माझा आधी पर्णवटवट्या गेला. हिवाळ्यात आंब्याच्या शेंड्यावर त्याचं बारीक ‘चिविक’ चालायचं, त्यावरून मी तो आला म्हणून तारीख लिहायचो. मग शिंजीर गेला. पानांत हलताना दिसतो, चोच उघडताना दिसते, आवाज नाही. पहिल्या वर्षी मला फार वाईट वाटलं.

काय उरलंय ते मी मुद्दाम तपासलं. भारद्वाजाचं खोल ‘हूप हूप’ पूर्वीसारखंच येतं. तांबट, कोकीळ, पावशा, टिटवी, मोर, पिंगळ्यांची भांडणं हे सगळं येतं. तुम्हीही आठवडाभर ही यादी करा, पत्नीला सोबत घ्या. ती म्हणेल ‘आवाज आला’, तुम्ही सांगा तुम्हाला आला की नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती यादी न्या. यंत्र घेतलंत तर बसवणाऱ्याला स्पष्ट सांगा की पाखरं ऐकायची आहेत. बोलणं ठळक यावं म्हणून यंत्र बाकीचा आवाज दाबतं, त्यात पाखरंही दाबली जातात. बाहेर फिरायचं म्हणून वेगळी मांडणी करून मिळते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

फोनवर मर्लिन नावाचं अॅप आहे. ते आवाज ऐकून पडद्यावर नाव दाखवतं. काही जाणकारांना ते आवडत नाही. म्हणतात, त्यानं शिकणं राहतं. नवशिक्यानं त्यावर विसंबू नये हे मलाही मान्य आहे. पण ज्याला आवाज आयुष्यभर पाठ होते आणि आता कानच पोचत नाही, त्याला ‘शिंजीर’ एवढं पडद्यावर आलं तरी कुठल्या फुलांकडं पाहायचं ते कळतं. माझ्या बाबतीत हे काम बहुतेक वेळा नात करते. ती माझ्या डाव्या बाजूला चालते आणि नुसतं म्हणते, “आजोबा, शेवगा, वर.” तिला नावं अजून सगळी येत नाहीत, दिशा मात्र अचूक असते. नाव मी सांगतो. आमच्या दोघांची वही आता एकच आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आणखी एक बदल केला तो तुम्हाला जमण्यासारखा आहे. दाट झाडीतलं फिरणं मी कमी केलं, कारण तिथं अर्धं काम कानाचं. उघड्यावर, पाण्याकाठी, एका जागी बसतो. पाण्यावर डोळेच पुरतात. शेकाट्याचे लालभडक पाय, कवड्या खंड्याचं हवेत थांबून सूर मारणं, वंचक अर्धा तास न हलता उभा राहतो ते, तुतवाराचं शेपूट हलवत चालणं. तुमच्या गावात तर कृष्णा-कोयनेचा संगम आहे. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन बसायची जागा शोधा, पाठीशी टेकू असलेली, म्हणजे दुर्बीण स्थिर राहते. थंडीची चाहूल लागली की काठावर धोबी पक्षी उतरतील. पांढरा आला की करडा, ते पाहून मला कळवा. कार्डावर तारीख आणि नदीला पाणी किती होतं तेही लिहा.